कागदाच्या वाडीतली विहीर

आषाढाची अखेर : वाचनालयाचे सभागृह सुशोभित करण्याचा ठराव. भिंतीवरच्या पेटीचा त्यात ‘जुनी शोभेची वस्तू’ असा उल्लेख. जबाबदार : वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांचे वडील त्या पेटीत उभे आहेत.

श्रावण : पेटी भिंतीवरून उतरवून टेबलावर आडवी ठेवली. आडवी! जबाबदार : खर्च उचलणाऱ्या कंपनीचे अधिकारी, ज्यांनी पेटीशेजारी उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतला, पण आत डोकावून पाहिले नाही.

गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी : पेटी ‘दुरुस्त’ होऊन भिंतीवर परत. जबाबदार : पुनावळ्याहून आलेली सजावटकार मुलगी. तिला मी पुढे बऱ्याच अंशी दोषमुक्त करणार आहे.

त्या दिवसापासून सर्वपित्री अमावास्येपर्यंतचा कोणता तरी एक दिवस : ही जागा मी कोरी ठेवतो. हे सारे लिखाण त्या कोऱ्या जागेसाठी आहे.

आयुष्यभर मी पत्रे लिहीत आलो. बंद पडलेल्या एसटीसाठी लिहिली, रस्त्यात उभ्या राहणाऱ्या कंटेनरांसाठी लिहिली, कंपनीच्या उपाहारगृहातल्या डाळीतल्या खड्यांसाठीसुद्धा लिहिली. प्रत्येक पत्राला विषय असतो आणि संदर्भ असतो. या पत्राचा संदर्भ मला प्रथम वासाने कळला. सर्वपित्रीच्या दुपारी, प्रथेप्रमाणे, मी पेटीची काच उघडली. सभागृहात नव्या तैलरंगाचा उग्र दर्प होता. बाहेर चाकणच्या रस्त्यावर ट्रकांच्या ब्रेकचे सुस्कारे चालू होते. त्या सगळ्याच्या तळातून, पेटीच्या आतून, एक वास आला. किंचित आंबूस, किंचित कोमट, शिजलेल्या पिठाचा. खळीचा वास. त्या वासाने मला मनगट धरून उचलले आणि दत्तूच्या स्टुडिओत नेऊन ठेवले.

दत्तूचा स्टुडिओ चाकणच्या जुन्या पेठेत, कांद्याच्या वखारीच्या माथ्यावर होता. जिना चढताना कांद्याचा वास, दार उघडताच फोटो धुण्याच्या हायपोचा. दोरीला चिमट्यांनी टांगलेले ओले फोटो, त्यांतून खाली परातीत पडणारे थेंब. दत्तू फोटो काढी आणि हमीदभाई कागद कापत. हमीदभाईंच्या घरात ताबूत बांधण्याचे काम पिढीजात. बांबूच्या कामट्या, बेगड, पतंगी कागद यांतून ते अशी जाळी काढीत की फुंकर मारताना आपण श्वास आवरून घ्यावा. एक हिरवी, बोथट टोकाची कातर आणि चांभाराच्या रापीसारखे एक पाते, एवढीच त्यांची हत्यारे. हे दोघे एकत्र कसे आले ते सांगत बसत नाही. एके काळी ते एकत्र होते आणि मी, कंपनीच्या कामगार खात्यातला तरुण कारकून, पहिली पाळी सुटली की त्यांच्या जिन्यावरून वर जात असे. कायद्याची पुस्तके वाचण्याच्या माझ्या व्यसनामुळे हमीदभाई मला ‘वकीलसाहेब’ म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही.

त्यांची कामाची रीत दुसरीकडे कोठे मी पाहिली नाही. दत्तू एकाच फोटोच्या अनेक प्रती काढी. एका प्रतीतून घर कापायचे, दुसरीतून घरापुढचा लिंब, तिसरीतून लिंबाची नुसती सावली. मग हमीदभाई फोटोलाच घडी घालीत. भिंतीचा कोपरा जिथे वळतो तिथे पात्याच्या पाठीने हलकी रेघ ओढायची, कागद मागे दुमडायचा. लगेच एक भिंत उन्हात आणि दुसरी सावलीत जाऊन उभी राही. कौलांना चुण्या, बांधांना घड्या, वाटेला नखाने काढलेली पन्हळ.

“सपाट फोटो म्हणजे सरकारी उत्तर,” हमीदभाई म्हणत. “आहे सगळं, पण हाताला काही लागत नाही. घडी घातली की बोलायला लागतो.”

आमच्या वाडीची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा घरे उठण्याआधी दत्तूने एकूण एक घराचा, प्रत्येक माणसाचा फोटो काढला. त्यातून ही पेटी झाली. सागवानी चौकट, पुढे बिजागरीची काच, आत एकामागे एक कागदाचे थर. सर्वांत पुढे अंगण आणि माणसे. त्यामागे घरे. त्यामागे शेते आणि बांध. त्यामागे विहीर आणि चिंच. शेवटी निळ्या पतंगी कागदाचे आकाश आणि आकाशामागे दिवा. माणसे फोटोतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली. प्रत्येकाच्या पायाखाली कागदाची एक जीभ, ती खाचेत बसे आणि खळीने पक्की होई. गव्हाच्या पिठाची खळ, किडीने खाऊ नये म्हणून मोरचूद घातलेली. वाळली की तिच्या कडेला फिकट निळी किनार उमटे.

विहीर हा त्या पेटीतला सर्वांत अवघड भाग. तिचा कठडा फोटोतून कापलेला. आत मात्र हमीदभाईंनी, फोटोचा कागद ज्या काळ्या कागदात गुंडाळून येतो त्याची एक खोल सुरळी करून बसवली होती. कितीही वाकून पाहा, तळ दिसत नसे. दत्तू म्हणाला, “अरे, पाणी तरी दाखव.” हमीदभाई म्हणाले, “पाणी दिसलं की विहीर संपते.”

नव्या जागेत वाडी वसली. पत्र्याची घरे आली, मग सिमेंटची, मग त्यांवर भाडेकरूंच्या खोल्या. पेटी वाचनालयात टांगली गेली आणि तिच्याभोवती एक प्रथा जमली. ती कोणी ठरवली नाही, साय धरते तशी ती धरली गेली. वर्षभरात जो माणूस जाई, त्याची आकृती सर्वपित्री अमावास्येला घरच्यांनी पुढच्या अंगणातून काढून आकाशासमोरच्या मागच्या थरात न्यायची. जिथे त्याचा प्राण गेला, त्या जागेच्या मागे त्याला उभे करायचे. घरात गेला तर घरामागे, शेतात गेला तर बांधामागे. दवाखान्यात किंवा वाडीबाहेर कोठे गेलेल्यांना चौकटीच्या कडेला, जिथून रस्ता बाहेर पडतो तिथे. मग दिवा लावायचा. जिवंतांवर समोरून उजेड, मेलेल्यांवर पाठीमागून. घरांच्या फटींतून, चिंचेच्या पानांतून त्यांच्या काळ्या कडा दिसत. बायका पदराने काच पुसत. डाळीच्या वड्यांचा, आळूच्या भाजीचा, धुपाचा आणि खळीचा असा मिळून एक वास असे. त्या वासात कोणी मोठ्याने रडत नसे. शेजारच्या पंपाचा धपधप आवाज आणि कंपनीचा भोंगा तेवढा ऐकू येई.

याच वाडीतला भानुदास. पारूबाईचा एकुलता एक. कंपनीत फिटरचे काम शिकत होता, हसताना डोळे मिटून घ्यायचा. फोटोतही डोळे मिटलेलेच आहेत. एका दिवाळीच्या तोंडावर तो दुसऱ्या पाळीला म्हणून घरातून निघाला आणि पाळीवर पोहोचला नाही. त्याचे कोणाशी बिनसले होते, कोण काय बोलले, कोण बोलता बोलता गप्प झाले, हे मी येथे लिहीत नाही. लिहितो ते एवढेच, की त्या दिवाळीत फटाक्यांचा वास वाडीत आला नाही. आणि त्याच दिवाळीत, उठलेल्या वाडीच्या जागेवरची जुनी विहीर राडारोडा टाकून बुजवली गेली. रिकामे ट्रक परत जाताना त्यांची मागची फाळकी वाजत. तो पत्र्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

काही वर्षांनी कुजबूज सुरू झाली, की भानुदासला आता मागे न्यावा. स्टुडिओत बैठक बसली. पारूबाई दाराशी, पाय पोटाशी घेऊन. मी कायदा सांगितला. एखाद्या माणसाची वार्ता ज्यांच्या कानी यायला हवी त्यांच्या कानी सात वर्षे ती आली नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार, तसे म्हणणाऱ्यावर पडतो.

“मंजी भार माज्यावर?” पारूबाईने विचारले.

“कायद्याने, होय.”

“पडू द्या की. नऊ म्हयनं त्योच भार वागवला व्हता म्या. तवा कुठं गेलता तुमचा कायदा?”

दत्तू खोकल्यासारखे करून हसला. हमीदभाईंनी कातर खाली ठेवली. “वकीलसाहेब, करा अपील. वरचं कोर्ट सापडतंय का बघा.” मग ते गंभीर झाले आणि पारूबाईकडे वळले. “आक्का, पोरगा पुढंच राहील. ज्याला खात्रीनं ठाऊक असेल, त्यानं स्वतःच्या हातानं मागं न्यावा. दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. मीसुद्धा नाही.”

हा निर्णय वाडीने मान्य केला; तो ऐकायला वाडीतले सगळे जाणते हजर होते. त्यामुळे त्या दिवसापासून भानुदासला मागे नेणे ही एक साक्ष झाली. हे मी जाणीवपूर्वक लिहितो, कारण पुढचे सारे यावर उभे आहे.

वर्षे घडीसारखी मिटत गेली. हायपो गेला, फिल्म गेली, वखारीच्या जागी मोबाइलची दुकाने आली. दत्तू दवाखान्यात गेला, हमीदभाई दुकानात बसल्या बसल्या गेले. दोघेही चौकटीच्या कडेला, रस्त्याच्या तोंडाशी, शेजारी शेजारी उभे आहेत. हमीदभाईंच्या हातातली कातर पाठीमागच्या उजेडात अजून उघडी दिसते. पारूबाईच्या डोळ्यांवर सारा आला, दिसेनासे झाले. तरी दर सर्वपित्रीला ती येते, काच उघडायला लावते आणि पुढच्या ओळीत बोटाने चाचपत जाते. चिंधीबाईची टोपली, पाटलांचे पागोटे, मग भानुदासचे कपाळ. त्या कपाळावर बोट टेकले की म्हणते, “हाय. चला, जेवाया.”

यंदा काच उघडली आणि वर सांगितलेल्या वासात मी किती वेळ हरवलो होतो कोण जाणे. शुद्धीवर आलो तो लोकांच्या हसण्याने. पेटीत गोंधळ माजला होता. वर्षानुवर्षे मागे असलेले लोक पुढे अंगणात बसले होते आणि आम्ही काही जिवंत माणसे मागे आकाशाला टेकून, एका सरळ रांगेत, शाळेच्या फोटोसारखी. मी स्वतः तिथे होतो. माझ्या पाठीमागे दिवा होता.

“काय वकीलसाहेब,” कोणी तरी मागून म्हणाले, “तेरावं परस्पर उरकलं व्हय? आमाला बोलावलं बी न्हाई!”

सगळे हसले. त्या हशाला जोर नव्हता. प्रत्येक जण मान उंचावून स्वतःला शोधत होता.

पारूबाईचे बोट पुढच्या ओळीतून सरकत गेले. टोपली. पागोटे. मग नुसती खाच. बोट त्या खाचेवर थांबले, मागे आले, पुन्हा गेले.

“भानू कुटं हाय?”

भोंगा वाजून थांबला.

मी त्या सजावटकार मुलीला तेथूनच फोन लावला आणि जे बोललो ते आज कागदावर उतरवणार नाही. ती दुसऱ्या दिवशी आली. विशीतली, डोळ्यांखाली काळे, हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या देत. मी तिला पेटीसमोर उभे केले आणि प्रथा सांगितली. तिचा चेहरा उतरत गेला.

“काका, शप्पथ, मला कुणी सांगितलंच नाही. फिकट झालेले मागे लावले, ठळक होते ते पुढे. म्हणजे लांबचं फिकट दिसतं ना, तसं.”

ती चूक तिच्या विद्येची होती. फिकट म्हणजे दूरचे, असे तिला शिकवले होते. आमच्याकडे फिकट म्हणजे फार दिवस उन्हात उभे राहिलेले, म्हणजेच जिवंत. मागच्या थराला ऊन लागत नाही, म्हणून तिथले चेहरे ताजे. हे मला पटले आणि मी तिला दोषमुक्त करतो. पण मी विचारले, “मग हा? याला मागे का नेलेस?” भानुदासच्या फोटोची तर दत्तूने जाण्याआधी नवी प्रत काढून दिली होती, पुढच्या ओळीत त्याच्याइतका ठळक कोणी नव्हता.

तिने वाकून पाहिले. मग मोबाइल काढला. काम संपवून पेटी ताब्यात दिली त्या दिवशीचा फोटो तिच्याकडे होता. तो मोठा करून तिने माझ्यासमोर धरला. त्यात भानुदास पुढच्या ओळीत, आपल्या खाचेत, डोळे मिटून हसत उभा होता.

“हा मी नाही हलवला, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि हे चिकटवलंय कशानं? आम्ही पांढरा डिंक वापरतो.”

त्याच्या पायाशी फिकट निळी किनार होती.

तेव्हा मला कळले, की काच उघडताच ज्या वासाने मला तरुणपणात नेले तो आठवणीतला वास नव्हताच. ती खळ ताजी होती. कोणी तरी पीठ शिजवले होते, त्यात मोरचूद घातले होते आणि प्रथेप्रमाणे अंगठ्याने दाबून जीभ बसवली होती. खळ करणारे दोन्ही हात, दत्तू आणि हमीदभाई, आकाशापुढे उभे आहेत; त्यांनी हे केले नाही. पेटीची किल्ली अध्यक्षांच्या ओटीवर उघड्या खिळ्याला असते आणि वाडीतल्या कोणालाही ती हातात घ्यायला परवानगी लागत नाही. इतकी माणसे चुकून इकडची तिकडे झालेली पाहून कोणाला तरी वाटले असावे, की या गोंधळात आणखी एक जण हलला तर ते ध्यानात येणार नाही. इतकी वर्षे छातीवर असलेले काही तरी त्या गोंधळाच्या आडोशाला उतरवून ठेवावे.

त्या मुलीने आपल्या चुकीच्या आकृत्या एकेक करून पूर्ववत लावल्या. मी पुन्हा अंगणात आलो. शेवटी मागच्या थरात एकटा भानुदास राहिला, जो तिचा नव्हता. रांग उठल्यावर तो नेमका कुठे उभा आहे ते स्पष्ट दिसले. घरामागे नाही. बांधामागे नाही. रस्त्याच्या तोंडाशी नाही.

पारूबाई बाकावर बसली होती. तिने मानही वळवली नाही.

“कुटं उभा केलाय त्येला?”

मुलीने माझ्याकडे पाहिले. खोटे बोलण्याचा मला सराव नाही.

“विहिरीमागे,” मी म्हणालो.

ती बराच वेळ मांडीवरच्या पदराला चुण्या घालीत राहिली, हमीदभाई कौलांना घालीत तशा.

“हिरीपाशी, का हिरीत?”

पेटीतल्या विहिरीत मी वाकून पाहिले. काळा कागद तसाच होता. तळ दिसला नाही. खऱ्या विहिरीवर आज कंटेनर उभे करण्याचे आवार आहे. सिमेंटची सपाट जमीन, तिच्यावर पिवळे पट्टे. काल मी तिथे जाऊन कुंपणाशी उभा राहिलो. पहारेकऱ्याने विचारले, “काय शोधताय, काका?” दुपारच्या उन्हात डिझेलचा आणि तापलेल्या रबराचा वास येत होता. त्याखाली दुसरा कोणताही वास आला नाही.

भानुदासला पुढे आणू का, असे मी पारूबाईला विचारले. ती म्हणाली, “नगं. ज्येनं नेलाय त्येला ठाव हाय. असू दे तितंच.” आता ती रोज दुपारी वाचनालयात येऊन पेटीसमोर बसते. सभागृहातले लोक पावले न वाजवता जातात. तिच्यासमोरून जाताना कोण खोकतो, कोण चप्पल घासतो, कोण श्वास धरतो, हे ती ऐकते. वाडीतले माझ्या वयाचे काही जण हल्ली वर्तमानपत्र वाचायला येईनासे झाले आहेत. मी त्यांची नावे लिहीत नाही. संशय हा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे.

सबब, अध्यक्ष, अधिकारी आणि ती मुलगी यांच्याविरुद्धच्या माझ्या तक्रारी मी मागे घेतो आणि वर कोऱ्या सोडलेल्या जागेला उद्देशून लिहितो.

आपण साक्ष दिली आहे. हमीदभाईंनी घालून दिलेल्या आणि आपण स्वतः बसून ऐकलेल्या रीतीप्रमाणे दिली आहे. खळीने, अंगठ्याने, जागा दाखवून दिली आहे. पण नाव झाकून दिलेली साक्ष कोणत्याही न्यायालयात उभी राहत नाही आणि त्या बाकावर बसलेल्या न्यायालयात तर नाहीच. मला पत्र धाडू नका, चिठ्ठी सरकवू नका, माझ्या दारी येऊन कुजबुजू नका. वाचनालयात या. दिवसा या, माणसे असताना या. पेटीचा दिवा आम्ही लावून ठेवला आहे आणि काच उघडी आहे. तिने मला विचारलेला प्रश्न तोच आहे. तिच्यासमोर उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा : विहिरीपाशी, की विहिरीत?